तुलना गटातलं घर

त्या घरात मी खुर्चीवर बसलो आणि बसल्याबसल्याच टॅबवर 'खुर्ची' या शब्दासमोर 'आहे' दाबलं. समोर टेबल फॅन फिरत होता. 'पंखा', आहे. हातात स्टीलचा पेला होता, त्यात लिंबाचं सरबत. 'स्टीलची भांडी', आहेत. खाटेवर गादी होती आणि गादीवर फुलाफुलांची चादर, तिच्या घडीच्या रेषासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या. 'गादी', आहे. या सगळ्याला दोन मिनिटंही लागली नसतील.

तेव्हा मी एका संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणात काम करत होतो. माझ्या ओळखपत्रावर 'क्षेत्र अन्वेषक' असं लिहिलेलं होतं. काम म्हणजे घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं टॅबमध्ये भरायची. मी दवनीवाड्याचा. वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या धानात मजुरी केली, त्यांना सही तेवढी येते, आईला तीही येत नाही. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. शिष्यवृत्ती, वसतिगृह, दोन-तीन शिक्षक आणि आईची हाडं यांच्या जिवावर मी एम.ए. झालो, आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकात दारिद्र्याचं प्रकरण असतं, त्यातलंच काम मला पगार देऊन करायला मिळालं, याचं मला फार अप्रूप होतं. गोंदियाजवळ फुलचूरला दोघांत मिळून एक खोली घेतली होती. महिन्यातून एकदा घरी गेलो की आई माझं ओळखपत्र काढून घ्यायची आणि मी निघेपर्यंत ते बुद्धाच्या तसबिरीखालच्या खिळ्याला टांगून ठेवायची.

अभ्यास असा होता. गरीब घराला दोन वर्षं दर महिन्याला ठरावीक रक्कम सरळ बँकेत मिळाली, तर त्या घराच्या खाण्यात, आजारपणात, शिक्षणात काय फरक पडतो हे पाहायचं. घर गरीब आहे की नाही हे ठरवायचं घरातल्या वस्तूंवरून. उत्पन्न विचारून उपयोग नसतो. मजुरी करणाऱ्याला स्वतःलाच वर्षाचं उत्पन्न सांगता येत नाही. म्हणून खुर्ची, पंखा, गादी, भांडी, सायकल, मोबाइल अशी यादी होती आणि प्रत्येक वस्तूला गुण होते. एका रेषेच्या खाली आलेल्या घरांना मदत मिळणार होती. रेषेच्या जरा वर राहिलेली घरं 'तुलना गटात' जाणार होती. त्यांना मदत नाही, पण दर सहा महिन्यांनी प्रश्न मात्र त्यांनाही तेच विचारायचे, म्हणजे मदतीने किती फरक पडला ते कळतं. प्रशिक्षणात मला हे पटलं होतं. आजही ही पद्धत चुकीची आहे असं मला म्हणता येत नाही. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने ते कळेल हे मला माहीत नाही.

प्रशिक्षणात एक गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितली होती, की लोक वस्तू लपवतात. मोटारसायकल शेतात नेऊन ठेवतात, टीव्हीवर गोधडी टाकतात. म्हणून यादी कशासाठी आहे ते घरच्यांना सांगायचं नाही, आणि जे डोळ्यांनी दिसेल तेच भरायचं. वस्तू बाहेरून आणूनही ठेवतात, असं कोणी सांगितलं नव्हतं. सांगणारे मोठ्या शहरांतून आले होते. मी दवनीवाड्याहून आलो होतो. मला ते सांगायची गरज नसायला हवी होती.

ते गाव बोदलकसाच्या तलावापलीकडचं. मे महिना होता. आम्ही येणार हे गावच्या आशा सेविकेने आदल्या दिवशीच वस्तीत सांगून ठेवलं होतं. ते घर एका विधवा बाईचं होतं. वय पन्नासच्या आत, पण दिसायची साठीची. तिला एकच मुलगी होती, एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. मी दारात 'जय भीम' म्हटलं आणि बाईच्या चेहऱ्यावरचं सगळंच बदललं. कुठला, कोणाचा, किती शिकला, मायबाप काय करतात, हे सगळं तिने उभ्याउभ्याच विचारून घेतलं आणि दारात जमलेल्या बायांना वळून सांगितलं, "आपलाच पोरगा हाये. शिकून साहेब झाला."

मग ती मला साहेब म्हणू लागली. मी मावशी म्हणायला लागलो, तेव्हा ती बाबूवर आली.

प्रश्नावलीतले बरेचसे प्रश्न मुलीबद्दलच निघाले. तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार घरोघर ऐकायला मिळतो, त्यामुळे मला त्यातलं थोडं ठाऊक होतं. एरवी ती बरी असायची. दुखणं उठलं की हातापायाची हाडं ठणकायची, छाती धरायची, आणि मग तिला लगेच गोंदियाला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागायचं. तिथे सलाईन लागायचं, कधी रक्त चढवावं लागायचं. उपचार फुकटच होता. फुकट नव्हतं ते गाडीभाडं, आणि मावशीची बुडणारी मजुरी. 'उपचाराला उशीर झाला असल्यास कारण' असा एक प्रश्न होता. त्यावर मावशी जे बोलली ते मी तसंच्या तसं लिहून घेतलं.

"महिन्याले काही बांधून भेटलं नं बाबू, तं दुखलं का उचलली अन् नेली. कोनाची वाट पाहाची गरज नाही."

दर महिन्याला काहीतरी मिळणार आहे ही कुणकुण गावात आमच्या आधीच पोहोचली होती. मी नियमाप्रमाणे काही बोललो नाही.

वस्तूंची यादी आली तेव्हा मी विचारलं, पंखा चालू स्थितीत आहे का. तो माझ्या तोंडावरच वारा घालत होता, पण प्रश्न वाचावाच लागतो. मुलगी ओढणीत तोंड लपवून हसली. मावशीने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, "हाये नं चालू." मला वाटलं, माझा प्रश्न खुळ्यासारखा होता म्हणून हसली. दारातली एक बाई तेवढा वेळ पंख्यावरून नजर काढत नव्हती. मला वाटलं, उकाड्याने.

पेल्यावर नाव कोरलेलं होतं. कोणा पुरुषाचं नाव, वडिलांच्या नावासकट. ते नाव या घरातलं नव्हतं हे मला दिसलं, कारण कुटुंबातली नावं मी नुकतीच भरली होती. आपल्याकडे लग्नात, बारशाला भांडी देतात त्यावर देणाऱ्याचं नाव टाकलेलं असतं. आहेराचा पेला असेल, असं मनात म्हणून मी सरबत संपवलं.

संध्याकाळी तिरोड्याला येऊन, नेटवर्क धरून, मी दिवसाचे सगळे फॉर्म पाठवून दिले. पाठवलेला फॉर्म बंद होतो. त्यात मग आपल्यालाही काही बदलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी गेलो. दारात उभी राहून पंखा पाहणारी बाई ती याच घरची. कुटुंबप्रमुखाचं नाव विचारलं. तिने नवऱ्याचं नाव सांगितलं, सासऱ्याचं सांगितलं, आणि मी ते टॅबवर टाइप करता करता माझं बोट थांबलं. काल पेल्यावर हेच नाव होतं. मान वर केली तर पंखा तोच होता. त्याच्या जाळीला निळी दोरी बांधलेली होती, ती काल मी तासभर समोर पाहिली होती. खुर्ची तीच होती, मी तिच्यावरच बसलो होतो. मी त्या बाईला विचारलं नाही, पण तिच्या ध्यानात आलं. तिने सांगून टाकलं की पाहुणा माणूस यायचा म्हणून मावशीने मागितलं, आपण दिलं, त्यात काय. गादी कोपऱ्यावरच्या घरची, आणि चादर बचत गटाच्या अध्यक्षबाईची.

हे मला नवं नव्हतं, तेच वाईट होतं. मी कॉलेजात असताना आमचे एक सर आमच्या घरी आले होते. शिष्यवृत्तीचे कागद अडले होते आणि त्यांना माझ्या वडिलांशी बोलायचं होतं. आईने शेजारून खुर्ची आणली, कपबश्या आणल्या, आणि सर गेल्यावर खुर्ची डोक्यावर घेऊन परत करायला मीच गेलो होतो. सरांनी घरातली खुर्ची पाहून माझा अर्ज बाजूला टाकला असता तर आज मी कुठे असतो? टाकला नाही, कारण त्यांच्याकडे यादी नव्हती.

त्याच आठवड्यात मी आमच्या पर्यवेक्षक मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. त्या कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, लेखी द्यायला सांगितलं, मी दिलं, आणि त्यांनी ते वर पाठवलंही. उत्तर आलं की पाठवलेल्या नोंदीत बदल करता येणार नाही. मॅडमनी मला बोलावून त्याचं कारण समजावलं. आज या बाईची नोंद बदलली, तर उद्या प्रत्येक अन्वेषक आपल्या ओळखीच्या घराची बदलायला येईल. मग या अभ्यासावर कोण विश्वास ठेवणार?

"तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण बाई तुझ्या समाजाची आहे. कागदावर ते कसं दिसतं ते बघ."

पुढचं वाक्य त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं, सहजच म्हटलं, की तुझं कंत्राट या महिन्यात पुढे वाढवायचं आहे ना. त्यात धमकी नव्हती. मला मात्र खोलीचं भाडं आठवलं, धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष आठवलं, खिळ्याला टांगलेलं ओळखपत्र आठवलं. मी धन्यवाद म्हणून बाहेर आलो. दुसरं पत्र लिहिता आलं असतं. मॅडमच्या वरच्यांनाही भेटता आलं असतं. मी ते केलं नाही.

मदत मिळणाऱ्या घरांची यादी लागली. मावशीचं घर रेषेच्या थोडंसं वर राहिलं होतं. त्याच आळीत एक माणूस होता, त्याने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. 'काय पुसाचं ते इथंच पूस' म्हणून दारातच उभं ठेवलं होतं. दारातून खुर्ची-पंखा काही दिसलं नाही, आणि त्याच्या घराचं नाव यादीत आलं. त्याच्या बायकोला त्या मदतीची गरजच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दुसऱ्या फेरीला, धान कापणीच्या दिवसांत, मी मावशीकडे गेलो तेव्हा तिने मला घरातल्या बोऱ्यावर बसवलं. पहिलाच प्रश्न तिने विचारला, "बाबू, आमचं नाव काऊन नाही आलं?"

मी म्हणालो, कॉम्प्युटरने ठरतं. ते खोटं नव्हतं. माझ्या नोकरीत खोटं न बोलता काय काय सांगता येतं हे मी तोवर शिकलो होतो. ती म्हणाली, हो, नशीब आपलं. मुलगी चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, कॉम्प्युटरले आमचं घर आवडलं नसन, आणि हसली. मग तिने मला विचारलं की तुमच्या या कामाला लागायला काय शिकावं लागतं, तिलाही असं टॅब घेऊन फिरायचं काम जमेल का. चालणं फार होतं, असं मी म्हणालो. तिने मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही.

मी दुसऱ्या वाटा शोधल्या. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर प्रवासात सवलत मिळते, एखादी पेन्शन लागू होते. मी कागदांची यादी लिहून दिली. मावशी मुलीला घेऊन तीनदा गोंदियाला जाऊन आली. एका कागदावर मुलीचं जन्मसाल वेगळं होतं. ते दुरुस्त करायला आणखी दोन चकरा होत्या. तिसऱ्या फेरीला मी गेलो तेव्हा तिने ती कागदांची पिशवी मला परत दिली. म्हणाली, दर चकरेले एक रोज बुडते बाबू, राहू दे आता. ती पिशवी मी घेऊन आलो. जन्मसालाचा अर्ज माझ्या हाताने भरून तहसीलला नेईन असं तिला सांगितलं, आणि एकदा नेलाही. मुलीला घेऊन या, असं तिथे सांगितलं.

मग पावसाळा गेला. चौथ्या फेरीला, नोव्हेंबरात, मी सकाळी लवकर पोहोचलो, कारण सगळे कापणीला गेले की घरं बंद होतात. मावशी विळा घेऊन निघायच्या बेतातच होती. मला पाहून बसली.

टॅब सुरू केला की आधी कुटुंबातल्या सदस्यांची यादी येते. आधीच्या फेरीतली नावं त्यात असतातच, आपण फक्त प्रत्येकाबद्दल विचारायचं, ही व्यक्ती अजून या घरात राहते का. पहिलं नाव मावशीचं. दुसरं नाव मी वाचलं. ती म्हणाली, नाही. टॅबने कारण विचारलं. लग्न, काम, शिक्षण, मृत्यू, इतर. मी कारण विचारलं नाही. खुंटीवर ती ओढणी टांगलेली होती, आणि घरात मुलगी कुठेच नव्हती.

मावशीने ते सरळ सांगितलं, आधी काय झालं, मग काय झालं, जसं ती कामाचं सांगायची तसंच. ऑगस्टात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. दहा बायांनी मिळून एका पाटलाचं मोठं शेत ठेक्याने घेतलं होतं. शेत पुरं झालं की पैसे. एक बाई मधूनच गेली तर तिच्या वाटचं काम बाकी नऊ जणींवर पडतं, आणि गेलेलीला पैसे मागायला तोंड राहत नाही. बुधवारी मुलीला दुखायला लागलं. मुलगीच म्हणाली, गोळी घेते, तू जा, दोन दिवसांचं तं काम हाये. शुक्रवारी दुपारी शेजारीण शेतावर धावत आली. तिरोड्याला नेलं, तिथून गोंदियाला पाठवलं. गोंदिया यायच्या आधीच ती गाडीत गेली.

मी टॅबवर 'मृत्यू' दाबलं. वय, महिना, उपचार मिळाला का, कुठे, किती वेळाने. ते प्रश्न क्रमाने आले आणि मी ते वाचले. उत्तरं तिने आधीच दिलेली होती, तरी वाचावे लागतात. तिने पुन्हा दिली.

त्या रकमेने ती वाचली असती, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मदत मिळालेल्या घरांतही माणसं गेली, त्यांचेही फॉर्म मीच भरले. बुधवारीच नेलं असतं तरी काय झालं असतं ते डॉक्टरही सांगणार नाहीत. पण बुधवारी नेता आलं असतं. एवढं मला माहीत आहे, आणि ते माहीत असणारा त्या घरात तेव्हा मी एकटाच आहे, असं मला वाटत होतं. दीड वर्ष मी ते पोटात घेऊन त्या दारात येत होतो.

मी टॅब बाजूला ठेवला आणि सांगून टाकलं. पंखा, खुर्ची, गादी, पेल्यावरचं नाव. ते मी भरलं नसतं तर तुमचं नाव आलं असतं. दुसऱ्याच दिवशी मला कळलं होतं, मी एक पत्र दिलं आणि गप्प बसलो.

मावशीने विळ्याची धार अंगठ्याने पाहिली. तिला ठाऊक होतं. शेजारणीने तिला कधीचं सांगितलं होतं. मी पंखा ओळखला त्या दिवशी माझं तोंड कसं उतरलं होतं ते शेजारणीनेच पाहिलं होतं, आणि बाकीचं बायांनी मिळून जुळवलं होतं. आपण पंखा का आणला तेही मावशीने सांगितलं. पैसा देणारा माणूस घर पाहून देतो, असं तिला वाटलं होतं. मुलगी पाहायला येतात तेव्हा जसं घर मांडतात तसं तिने मांडलं होतं. उघड्या भुईवर राहणाऱ्या बाईच्या हाती कोण दर महिन्याला पैसे देईल? आणि येणारा आपला शिकलेला पोरगा निघाला, म्हणून सरबतही केलं, असं ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुले तवाच खाली बसवलं असतं तं माही पोट्टी राहिली असती, असं म्हनून राहिला का तू?"

"मले नाही मालूम, मावशी," मी म्हणालो. त्या घरात मी तोवर पुस्तकी बोलत आलो होतो.

"मंग मलेबी नाही मालूम." ती म्हणाली. "पर तुले मालूम होतं तं तू मले तवाच सांगाचं होतं. मी आली असती तुया मॅडमकडे. तिले म्हटलं असतं, चाल, माह्या घरी चाल अन् पाह्य. तू काऊन मले नाही सांगतलं?"

हा विचार मला दीड वर्षात एकदाही आला नव्हता. पत्र लिहायचं, वर पाठवायचं, कोणाला भेटायचं, हे सगळं मी तिच्यासाठी करायचं असं धरून चाललो होतो. तिला सांगावं, तिने स्वतः यावं, भांडावं, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी शिकलेला होतो आणि ती माझ्या यादीतलं एक घर होती.

बाहेरून बायांनी हाक मारली, चाल व, ऊन होऊन राहिलं. मावशीने, या तुम्ही पुढे, म्हणून उत्तर दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पूस. किती सवाल राहिले तुये?"

मी म्हणालो, राहू द्या मावशी, नंतर येतो. ती म्हणाली, नंतर कोन बसन? तिच्यासाठी ते उरकायचं एक काम होतं. मी टॅब उचलला. पुढचा प्रश्न खाण्याचा होता. तो शब्दशः वाचायचा असतो. गेल्या सात दिवसांत घरातल्या सर्वांना दोन वेळचं पुरेसं जेवण मिळालं का.

ती खरंच आठवून पाहू लागली.

"मंगळवारी चूल नाही पेटवली," ती म्हणाली. "बाकी भेटलं."

मी 'नेहमी नाही' यावर बोट टेकवलं. पुढचा प्रश्न आला.